‘त्यानं पोलिसांचं ऐकायला हवं होतं’ म्हणणाऱ्या माझ्या मराठी माणसांना

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या कोजागिरीची गोष्ट. मिनिआपोलिसच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात, आपल्यापैकीच एकांच्या घरी पंचवीसेक माणसं जमली होती. मागच्या डेकवर चांदणं पडलं होतं, आत केशर-वेलदोड्याचा वास होता आणि मी ओगराळ्यानं पेल्यांत दूध ओतत होते. मिनिआपोलिसच्या पोलिसांवर कोर्टाची देखरेख ठेवणारा करार फेडरल सरकारनं २०२५च्या मे महिन्यात मागं घेतला, त्यावरून २०२०मध्ये इथल्या पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, “बरं झालं. पोलिसांना त्यांचं काम करू द्या. त्या माणसानं मुकाट्यानं ऐकलं असतं तर आज जिवंत असता.” दुसरे म्हणाले, “आपण नाही का आलो दोन बॅगा घेऊन? आपल्याला कुणी काय दिलं? यांना सगळं फुकट हवं. यांची संस्कृतीच तशी.” आणखी कुणी कृष्णवर्णीयांसाठी ‘कल्लू’ हा हिणवणारा शब्द वापरला. दहा-बारा माना डोलल्या.

मी काही बोलले नाही. दूध ओतत राहिले. घरी परतताना गाडीत नवऱ्याशीही बोलले नाही. ते गप्प राहणं मला तेव्हापासून खातंय, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी बाहेरची नाही. मूळची सोलापूरची, जानेवारी १९९९मध्ये मिनेसोटात आले, इथंच मुलगा वाढवला. मंडळाच्या समितीवर दोनदा काम केलं, गणपतीला चारशे मोदक वळणाऱ्या बायकांत मी असते. तुमच्यापैकी कित्येकांना मी काका, मावशी म्हणते आणि अडीअडचणीला तुम्हीच धावून आला आहात. आईला स्ट्रोक आला तेव्हा माझं विमानाचं तिकीट तुमच्यातल्याच एकांनी काढलं होतं. म्हणून हे परक्यानं केलेलं दोषारोपण समजू नका. घरातल्या माणसानं घरच्यांपाशी काढलेला विषय आहे.

पहिल्यांदा त्या ‘ऐकलं असतं तर’बद्दल.

२५ मे २०२०. थर्टीएट्थ स्ट्रीट आणि शिकागो ॲव्हेन्यूचा चौक. माझ्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटं. वीस डॉलरची नोट खोटी असल्याचा संशय, एवढं निमित्त. फ्लॉइडच्या नावावर टेक्सासमध्ये तुरुंगवास होता, त्याच्या रक्तात फेंटानिल सापडलं, पोलिसांच्या गाडीत बसायला तो तयार नव्हता, आत कोंडल्यासारखं होतं म्हणत होता. यातलं मी काहीही झाकत नाही. फेंटानिलचं आणि गाडीत न बसण्याचं ज्युरीपुढेही आलं होतं. पण त्यानंतरची ९ मिनिटं २९ सेकंद तो हात मागं बांधलेल्या अवस्थेत रस्त्यावर पालथा होता आणि डेरेक शॉविन या पोलिस अधिकाऱ्याचा गुडघा त्याच्या मानेवर होता. शेवटी शेवटी तो हलत नव्हता, बोलत नव्हता. ड्युटीवर नसलेली अग्निशमन दलातली एक बाई गर्दीतून विनवत होती, नाडी बघा, नाडी बघा. तिला जवळ येऊ दिलं नाही. बेशुद्ध माणसानं आणखी काय ऐकायचं होतं, हे मला त्या रात्री कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि मी ते विचारायला हवं होतं.

पोलिसांच्या पहिल्या निवेदनात लिहिलं होतं, पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय घटनेत एकाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेखच नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीनं फोनवर चित्रीकरण केलं नसतं तर आपण तेच निवेदन वाचून पान उलटलं असतं. पुढे ज्युरीनं शॉविनला दोषी ठरवलं आणि साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, ती त्या मुलीच्या फोनमुळे.

आता ज्यानं ऐकलं त्याची गोष्ट सांगते. फिलँडो कॅस्टील, वय ३२, सेंट पॉलच्या एका माँटेसरी शाळेच्या कॅफेटेरियात कामाला. कुठल्या मुलाला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे त्याला पाठ असायचं. जुलै २०१६मध्ये त्याची गाडी अडवली. अडवणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याआधी वायरलेसवर सांगितलं होतं, चालकाचं नाक रुंद आहे, दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो. आयुष्यात चाळीसहून अधिक वेळा त्याची गाडी अशी अडवली गेली होती, बहुतेक वेळा किरकोळ कारणांवरून. त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं. कायद्याला साजेल असं त्यानं शांतपणे सांगितलं: सर, मला सांगायला हवं की माझ्याजवळ शस्त्र आहे. अधिकाऱ्यानं सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. वर्षभरानं तो अधिकारी निर्दोष सुटला.

माझा मुलगा त्या उन्हाळ्यात गाडी शिकत होता. रंगानं तो माझ्या वडिलांवर गेलाय, सावळ्याहून गडद. मी त्याला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. अडवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. खिशात हात घालू नकोस. ‘सर’ म्हण. आपलं बरोबर असलं तरी उलट बोलू नकोस, घरी आल्यावर बघू. हे सांगताना, जबाबदार मुलगा घडवतेय असंच मला वाटत होतं. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला आणि पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण जाहीर झालं. मुलानं ते माझ्याआधी पाहिलं. वर आला आणि म्हणाला, “आई, त्यानंही ‘सर’ म्हटलं होतं.”

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, आपल्या लोकांबाबतीत असं होत नाही. २०१५च्या फेब्रुवारीत ॲलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातेतून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. अधिकाऱ्यानं त्यांना धरून जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन हातपाय लुळे पडले. दोन खटल्यांत ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला मोकळं केलं. २०२३च्या जानेवारीत सिॲटलमध्ये आंध्र प्रदेशातून शिकायला आलेली तेवीस वर्षांची मुलगी रस्ता ओलांडत होती. ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी ७४च्या वेगानं आली, ती त्यात गेली. दुसरा एक अधिकारी फोनवर हसत म्हणाला, अकरा हजारांचा चेक लिहून टाका, तिची किंमत मर्यादितच होती. हे त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात नोंदलं गेलंय. आपल्या घरातल्या आजोबांना आणि भाचीला समोर आणून बघा.

पण उद्या आपल्यावर येईल म्हणून आज बोला, असं मला म्हणायचं नाही. आपल्यावर कधीच आलं नाही तरी ते चूकच असेल.

आता दोन बॅगा. त्या मीही आणल्या होत्या, एकीत प्रेशर कुकर आणि मेतकूट होतं. पण त्या बॅगा घेऊन आपल्याला या दारातून आत कुणी घेतलं? १९४६च्या कायद्यानं भारतीयांचा कोटा ठरला तो वर्षाला शंभर माणसांचा. अख्ख्या देशातून शंभर. त्याआधी तर दार जवळजवळ बंदच होतं. ते उघडलं ३ ऑक्टोबर १९६५च्या कायद्यानं. त्या वर्षाकडे नीट बघा. मार्चमध्ये ॲलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय बायकापुरुषांची डोकी पोलिसांच्या काठ्यांनी फुटली. ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये वंश आणि देश पाहून माणसं निवडण्याची पद्धत गेली. हे तिन्ही एकाच लाटेतलं आहे. ज्या लढ्यानं आपल्याला प्रवेश मिळाला, त्यात आपल्या बाजूनं कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

आणि आत घेतलं ते पाखडून, निवडून. डॉक्टर, इंजिनिअर, प्रोग्रॅमर. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात माझी वर्षाची फी बाबांच्या एका पगारात बसत होती. ते शिक्षण सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारी पिकवणाऱ्या माणसाच्या करातूनही झालं. निवडून घेतलेल्या माणसांच्या गटानं, ज्यांना कुणी निवडलं नाही उलट साखळ्या घालून आणलं, त्यांच्या अख्ख्या समाजाशी स्वतःची तुलना करायची आणि कष्टाचे गुण मोजायचे, हा हिशेबच चुकीचा मांडलेला आहे. आपण कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही. रात्रीच्या शिफ्ट मीही केल्यात.

घराचंही असंच. आम्ही २००६मध्ये घेतलं ते घर १९४१ सालचं. काही वर्षांपूर्वी मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुनी खरेदीखतं वाचून शहराचा नकाशा केला, तेव्हा उत्सुकतेनं मी आमचे कागद शोधले. त्यात एक कलम निघालं: कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही ही जागा विकू नये, भाड्यानं देऊ नये. ज्या देवघरात मी रोज निरांजन लावते, त्या जागेचा हा कागद. अशा कलमांना आता कायद्याचं बळ नाही, १९६८च्या कायद्यानं घरांबाबतचा भेदभावच बेकायदा ठरला, आणि २०१९पासून मिनेसोटात घरमालकाला ते कलम अधिकृतपणे फेटाळता येतं. मी अर्ज भरून ते केलं. पण अर्जानं मधली वर्षं परत येत नाहीत. सेंट पॉलमधली राँडो ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती १९५० आणि ६०च्या दशकांत मोडून तिच्यातून आय-९४ महामार्ग नेला. त्याच महामार्गावरून आपण देवळात जातो. १९४१मध्ये पोस्टात नोकरी करणाऱ्या एखाद्या कृष्णवर्णीय माणसाला माझं घर घेता आलं असतं, तर आज त्याच्या नातवंडांच्या शिक्षणाला ते घर तारण म्हणून उपयोगी पडलं असतं. आपली मुलं ज्या बळावर कर्जाशिवाय शिकली ते बळ म्हणजे बऱ्याचदा घराचीच वाढलेली किंमत.

‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. कारण ते मी अमेरिकेत ऐकलं त्याच्या कितीतरी आधी सोलापुरात ऐकलं होतं.

सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे देशभर पसरला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, अशा जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, रोज हजेरी घ्यायची, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती, तिथली माणसं गिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली, तारा निघाल्या. मी जन्मले तेव्हा कुंपणं नव्हती. तरीही आम्हाला सांगितलेलं असायचं, तिकडच्या पोरांशी खेळायचं नाही. का, तर त्यांच्या रक्तातच आहे.

मी चौथीत असताना आमच्या गल्लीतून एक सायकल गेली, नवी कोरी. संध्याकाळी पोलिस आले आणि सेटलमेंटमधल्या एका मुलाला घेऊन गेले. मला त्याचा चेहरा आठवतो, कारण तो आमच्या शाळेत माझ्या भावाच्या वर्गात होता. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं तेव्हा तो पाय फरफटत चालत होता. चार दिवसांनी सायकल सापडली, आमच्याच गल्लीतल्या चांगल्या घरातल्या मुलाकडे. मित्राला दाखवायला नेली होती म्हणाला. मोठ्यांनी हसून विषय मिटवला. त्या पोराकडे जाऊन माफी मागावी, निदान चौकीवर जाऊन सांगावं, असं एकाही मोठ्या माणसाला सुचलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही, आणि माझे वडील प्रामाणिक माणूस होते. तो मुलगा शाळेत परत आला नाही.

पुढे कधी चोरी झाली आणि त्यात तिथलं कुणी सापडलं की गल्ली म्हणायची, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? शाळा सुटलेला, काम न मिळणारा, पोलिसाला बघून पळणारा मुलगा आम्हीच घडवला आणि मग त्याच्या पळण्याला पुरावा म्हटलं. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावच्या पोलिसांबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०१५मध्ये दिलेला अहवाल वाचताना मला ती गल्ली आठवत होती. तिथं कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ९३ टक्के. गावाची तिजोरी दंडानं भरायची म्हणून माणसं अडवली जात होती. दंड भरला नाही की वॉरंट, वॉरंट निघालं की अटक, अटक झाली की नोकरी गेली. आणि मग, त्यांची संस्कृतीच तशी.

आपल्या भाषेचं या प्रश्नाशी नातं काल-परवाचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ, आत्मत्यागी निष्ठेबद्दल. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र भावांना दास्यातून सोडवावं, अशी आशा त्यांनी तिथंच लिहिली. पुण्यात बसून, एकदाही समुद्र न ओलांडता, त्यांना मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातला माणूस आपला वाटला. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, ते हार्लेमला लागून आहे. १९४६मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास करणं गरजेचं आहे असं कळवलं, आणि ड्यू बॉईस यांनी आस्थेनं उत्तर दिलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ तरुणांकडून.

पण दुसरीही एक वाट आपल्याच लोकांनी काढली होती, तीही सांगायला हवी. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नागरिकत्व मागितलं. त्या काळी बाहेरून आलेल्यांत गोऱ्या किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच ते मिळे. त्यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला तो असा: आम्ही उच्चवर्णीय आहोत, आर्य आहोत, अमेरिकन माणूस लग्नसंबंधाच्या दृष्टीनं निग्रोकडे जसा बघतो तसेच आम्ही आमच्या देशातल्या आदिवासींकडे बघतो. म्हणजे आम्हाला गोरं माना, कारण खालच्यांना खाली ठेवण्यात आम्हीही तुमच्यासारखेच आहोत. कोर्टानं ते मानलं नाही. उलट पुढच्या काही वर्षांत कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांना स्वतःचं नागरिकत्व टिकवायला कोर्टात झगडावं लागलं.

फुल्यांची वाट आणि १९२३ची वाट, दोन्ही आपल्याच घरातून निघतात. कोजागिरीच्या रात्री आपण कुठल्या वाटेवर होतो, हे मला स्पष्ट दिसलं.

‘फ्लॉइड गेल्यावर दंगलीत दुकानं जाळली त्याचं काय?’ असंही कुणीतरी त्या रात्री विचारलं. जाळणं वाईटच होतं. मिनिआपोलिसच्या लेक स्ट्रीटवर जळालेली कित्येक दुकानं आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्यांची होती, कुणाची आयुष्यभराची कमाई गेली. त्यात ‘गांधी महल’ नावाचं बांगलादेशी मालकाचं रेस्टॉरंटही होतं. आग लागल्याचं कळल्यावर तो मालक म्हणाला, माझी इमारत जळू दे, न्याय व्हायला हवा. तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही. पण ज्याचं जळालं तो असं म्हणाला आणि ज्यांचं काहीच जळालं नाही ते आपण पाच वर्षांनीही दुकानांचाच हिशेब मागतो.

जबाबदारी या शब्दावर माझा विश्वास आहे. माझ्या मुलाला मी तोच शिकवला. उत्तर मिनिआपोलिसमध्ये पोरं पोरांना मारतात, खिडकीतून आलेल्या गोळीनं लहान मुलं मेलीत, आणि ज्यानं गोळी झाडली तो त्या कृत्याला जबाबदार आहे. हे तिथल्या आया कुणापेक्षाही मोठ्यानं सांगतात. पोलिस खातं मोडून नवं खातं काढण्याचा प्रस्ताव २०२१च्या नोव्हेंबरमध्ये शहरानं मतदानात फेटाळला. उत्तरेकडच्या काही रहिवाशांनी तर पोलिस कमी पडतात म्हणून शहरावर खटला भरला होता, आणि २०२२मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान ७३१ पोलिस ठेवण्याची जबाबदारी महापौरांवर आहे. त्यांचं मागणं सरळ आहे. बोलावलं की येणारा पोलिस हवा आणि आल्यावर माणसाला माणूस समजणारा हवा. आपल्या उपनगरात आपल्याला या दोन्ही गोष्टी न मागता मिळतात.

मग जबाबदारी वर्दीतल्या माणसालाही लावायची की नाही? शॉविनवर डझनभराहून अधिक तक्रारी झाल्या होत्या. २०१७मध्ये त्यानं चौदा वर्षांच्या एका मुलाला असंच दाबून धरलं होतं, ते पुढे त्यानं कोर्टात कबूल केलं. तीन वर्षं त्याचा जाब कुणी विचारला नाही. फ्लॉइडच्या कुटुंबाला शहरानं २ कोटी ७० लाख डॉलर दिले, ते शहराच्या तिजोरीतून. म्हणजे गुडघा त्याचा आणि भरपाई लोकांची. वैयक्तिक जबाबदारीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या एकाही माणसाच्या तोंडून मी याबद्दल चीड ऐकली नाही.

आणि त्या चौकात आणखी एक अधिकारी होता. टू थाओ. आशियाई, मोंग समाजातला. फ्लॉइडला जमिनीवर दाबून धरणाऱ्यांत तो नव्हता. तो गर्दीकडे तोंड आणि फ्लॉइडकडे पाठ करून उभा होता, लोकांना मागं सारत. मागं माणूस मरत असताना तो जमलेल्यांना म्हणाला, “म्हणून सांगतात पोरांनो, ड्रग्ज घेऊ नका.” चित्रणात ते ऐकू येतं. त्यालाही शिक्षा झाली. मी ते वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा मला आपली डेकवरची बैठक आठवली आहे. आपण कुणाच्याही मानेवर गुडघा ठेवलेला नाही. आपण पाठ करून उभे राहून उपदेश करतोय.

मंडळानं निषेधाचं पत्रक काढावं, अशी माझी मागणी नाही. तसली पत्रकं २०२०मध्ये खूप निघाली. ‘कल्लू’ हा शब्द आपल्या बैठकींतून जावा, आणि जो बोलेल त्याला यजमानांनी तिथंच थांबवावं, हे आधी करा. मुलं ऐकतात आणि शाळेत त्यांच्या शेजारी कोण बसतं हे आपल्याला माहीत असतं. आपल्या मराठी शाळेत शिवाजी महाराज आहेत, टिळक आहेत, सावित्रीबाई तीन जानेवारीपुरत्या आहेत. फुल्यांची ती अर्पणपत्रिका इथं जन्मलेल्या मराठी मुलांना वाचायला द्या, तिच्याइतकं त्यांच्यासाठीच लिहिलेलं दुसरं पान आपल्याकडे नसेल. शेजारच्या ड्राइव्हवेत अनोळखी कृष्णवर्णीय माणूस दिसला म्हणून ९११ला फोन करायच्या आधी ॲलाबामातले आजोबा आठवा. आणि ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं की भारतात जायचंय म्हणून सुटका करून घेऊ नका. मी दोनदा तसं केलंय, त्याची मला लाज वाटते. शॉविनचा निकाल बारा माणसांनी दिला, त्यांतल्या प्रत्येकाला घरी कामं होती.

त्या रात्री जे बोलले त्यांची नावं मी कुणाला सांगितलेली नाहीत आणि सांगणारही नाही. ती चांगली माणसं आहेत. सोलापूरची आमची गल्लीही चांगल्या माणसांची होती.

माझा मुलगा आता पंचविशीत आहे, शिकागोत असतो. रात्री उशिरा गाडीनं निघाला की पोचल्यावर फोन करतो, मी तोवर जागी असते. हे त्याला मी सांगितलेलं नाही, त्यालाच ठाऊक आहे. कॅस्टीलची आईही त्याला वागण्याच्या अशाच सूचना देत आली होती. तिच्या मुलानं त्या पाळल्या होत्या.

पुढच्या कोजागिरीला मी येईन. दूधही आटवून आणीन. पण तेच वाक्य पुन्हा कुणी बोललं, तर या खेपेला मी ओगराळं खाली ठेवीन.

आपली,
मिनेसोटातली एक सभासद